सदर पत्रवाहक ही माझी पत्नी

रमाकांत पारसनिसांना इंग्रजी येत नाही असं बडोद्यात कोणी म्हटलं असतं, तर लोकांनी आधी म्हणणाऱ्याचीच चौकशी केली असती. पारसनिसांच्या घरात इंग्रजी शिकायचं नसतं. ते टकलासारखं वंशपरंपरेने येतं. रमाकांतरावांचे आजोबा गोविंदराव हुजूर कचेरीत इंग्रजी मसुदे लिहीत, आणि त्यांच्या एका मसुद्यात गोऱ्या साहेबाला साधा स्वल्पविराम घालायलाही जागा सापडली नव्हती, ही गोष्ट दांडिया बाजारात अजून सांगतात. सांगणारा बहुतेक वेळा पारसनीसच असतो, हा भाग वेगळा.

त्यामुळे १९९९ सालच्या एप्रिलमधल्या एका रविवारी, कारेलीबागेतल्या फ्लॅटमध्ये निरुपमाबाई एक पातळसं पुस्तक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे टेक ऑफ म्हणजे विमान उडतं ते, की अंगातलं काढायचं ते?" तेव्हा रमाकांतरावांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "दोन्ही" एवढं सांगून विषय संपवला. खरं म्हणजे तो तिथेच संपायचा. पण पुस्तकात पुढे असं म्हटलं होतं की यातलं पहिलं टेक ऑफ इनट्रान्झिटिव्ह आहे, दुसरं ट्रान्झिटिव्ह आहे, दोन्ही फ्रेजल व्हर्ब आहेत, आणि हा फरक नीट समजल्याशिवाय विद्यार्थ्याने पुढच्या पानावर जाऊ नये. निरुपमाबाई मुळातच आज्ञाधारक. पुस्तकाने नको म्हटल्यावर त्या पुढच्या पानावर जाईनात.

पुस्तक पाठवलं होतं त्यांच्या मुलीने, टोरांटोहून. नयनाचं पहिलंच बाळंतपण होतं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली होती. रमाकांतराव गोरव्याच्या एका इंजिनियरिंग कारखान्यात छत्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. ऑगस्टमध्ये निवृत्ती, त्याआधी सगळ्या मालाची मोजणी करून चार्ज द्यायचा, म्हणजे रजेचं नावच नको. तेव्हा निरुपमाबाईंनी एकटीने जायचं ठरलं होतं. अहमदाबादहून विमान, मध्ये एका ठिकाणी उतरून दुसरं विमान. आजवर एकटीने केलेला त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास बडोदे ते नडियाद, आणि तोही मालगाडी आडवी आल्यामुळे लांबलेला.

त्यांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगून टाकलं होतं. "तिथे लोक काय बोलतात ते मला कळणार असेल तर मी जाईन. नाही कळलं तर कुठेतरी हरवून भरल्या दिवसांच्या पोरीच्या जिवाला घोर लावायला मी जाणार नाही." आणि विमानतळावरचं इंग्रजी तर सगळं याच जोडक्रियापदांचं होतं. चेक इन, फिल इन, पिक अप, गेट ऑन, गेट ऑफ. पुस्तकाचं पहिलं प्रकरण उघडलं की जणू सगळी क्रियापदं शेपट्या लावून उभी.

वरच्या मजल्यावरच्या रसीलाबेनना यातलं काहीच अवघड वाटलं नाही. त्या मुलाकडे पाच वेळा न्यू जर्सीला जाऊन आल्या होत्या आणि इंग्रजीतला एकही शब्द वाया न घालवता आल्या होत्या. त्यांच्या नातवाने एक कागद टाइप करून दिला होता, की या बांना फक्त गुजराती येतं, त्या मुलाकडे चालल्या आहेत, त्या शाकाहारी आहेत, कृपया त्यांना योग्य विमानात बसवावं. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या सेफ्टी पिनेने पदराला लावत. पाचही खेपांना त्या योग्य विमानात बसल्या होत्या, वर दोन खेपांना चाकाची खुर्चीही मिळाली होती.

"रमाकांतभाई, एमां शुं गभरावानुं?" त्या म्हणाल्या. "कागळियुं बतावी देवानुं."

रमाकांतरावांनी "विचार करीशुं" म्हणून त्यांना चहा पाजला आणि दार लावल्यावर मात्र ते बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले. गोविंदराव पारसनिसांच्या नातसुनेने इंग्रजी येत नाही अशी पाटी छातीवर लावून देशोदेशी फिरायचं, ही कल्पनाच त्यांच्या घशाखाली उतरेना. कागद वगैरे काही नाही, हे प्रकरण आपण मुळापासून समजावून देऊ, असं त्यांनी बायकोला सांगितलं. आता दुसऱ्याला मुळापासून समजावून द्यायचं तर आधी आपल्याला निदान शेंड्यापासून तरी समजावं लागतं. ते काही त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्कूटरला किक मारून ते दांडिया बाजारात दत्ताजीरावांकडे गेले. दत्ताजीराव त्यांचे शाळेतले इंग्रजीचे मास्तर, वय चौऱ्याऐंशी, चाळीस वर्षं व्याकरण शिकवून आता झोपाळ्यावर बसलेले. त्यांनी पुस्तक हातभर लांब धरून पाहिलं, मग आणखी लांब धरलं.

"आमच्या वेळी हे नव्हतं," ते म्हणाले. "ही क्रियापदं नव्हेत रमाकांता. एका खोलीत दोन भाडेकरू ठेवलेत, आणि भाडं कोण देतो ते कोणालाच माहीत नाही."

त्यांचा सल्ला असा पडला, की सूनबाईंनी पुट ऑफ म्हणू नये, पोस्टपोन म्हणावं. फिल इन म्हणू नये, कम्प्लीट म्हणावं. रमाकांतरावांनी भीतभीत विचारलं, की ही एकवेळ म्हणेल तसं, पण समोरची माणसं जेव्हा फिल इन म्हणतील तेव्हा काय करायचं. दत्ताजीरावांनी झोपाळा थांबवला आणि सांगितलं, की तेव्हा त्यांची चूक दुरुस्त करायची. परदेशी अधिकाऱ्याची चूक दुरुस्त करणाऱ्या निरुपमाबाई रमाकांतरावांच्या डोळ्यांपुढे आल्या, आणि ते मास्तरांच्या पाया पडून गुपचूप निघाले.

शेवटी माणूस ज्या धंद्यात मुरलेला असतो त्याच धंद्याने विचार करतो. रमाकांतरावांना सुचलं ते नट-बोल्ट. जेवणाच्या टेबलावर त्यांनी घरी नेहमी पडून असलेले मूठभर बोल्ट, नट आणि वॉशर मांडले आणि बायकोला समोर बसवलं. क्रियापद म्हणजे बोल्ट. त्याला लागून येणारा अप, ऑफ, इन, आउट म्हणजे नट. आणि कर्म म्हणजे वॉशर. गेट अप, ऊठ. नुसता बोल्ट आणि नट, वॉशरचं काम नाही, म्हणजे इनट्रान्झिटिव्ह. फिल इन, भर. काय भर? फॉर्म भर. आला वॉशर, म्हणजे ट्रान्झिटिव्ह. हा वॉशर नटाच्या अलीकडे बसवला तरी चालतो, पलीकडे बसवला तरी चालतो. पण वॉशर बारीक असला, नुसतं इट किंवा देम असलं, तर तो मध्येच बसला पाहिजे, नाहीतर गळून पडतो. आणि लुक आफ्टरसारख्या काही बोल्टांना वॉशर मध्ये घातलात तर आटेच जातात, तिथे तो शेवटीच बसवायचा.

निरुपमाबाईंना हे चक्क कळलं. रमाकांतरावांनाही बोलता बोलता कळलं आणि ते स्वतःवर खूश झाले. मग पुस्तकात गिव्ह अप आलं. त्याला वॉशर असला तरी चालत होता, नसला तरी चालत होता. चेक इनचंही तेच. टेक ऑफने तर आधीच दगा दिला होता. असा बोल्ट त्यांनी छत्तीस वर्षांत पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तर माल परत पाठवला असता. चार दिवसांनी टेबलावर तीन ढीग झाले: वॉशरवाले, बिनवॉशरवाले आणि दोन्हीकडचे. तिसरा ढीग रोज वाढत होता आणि पहिले दोन आटत होते. निरुपमाबाई विचारत, की हा या ढिगातून त्या ढिगात का गेला, आणि रमाकांतराव म्हणत, की आज गेला, उद्या कदाचित परत येईल. दरम्यान तीन वॉशर हरवले ते आमटीत सापडले.

गोंधळ आवरायला त्यांनी कार्डं करायला घेतली. कारखान्याच्या स्टोअरमध्ये प्रत्येक खणावर एक बिन कार्ड टांगलेलं असतं. मालाचं नाव, आवक, जावक, शिल्लक. रद्दीत निघालेली जुन्या नमुन्याची, एका बाजूने कोरी कार्डं होती, ती घेऊन रमाकांतराव रोज जेवणाच्या सुट्टीत एकेका क्रियापदाचं कार्ड लिहू लागले. सुवाच्य अक्षर, आडव्या रेघा, वर्णानुक्रम. दोनशे बारा कार्डं झाली. लिहून झालेलं कार्ड ते सवयीने टेबलावरच्या ट्रेमध्ये टाकत.

आता त्यांचे मदतनीस बापू. बावीस वर्षांची नोकरी, इंग्रजी अक्षरओळखीपुरतं, आणि कामाला वाघ. ट्रेमध्ये कार्ड पडलं की ते रिकाम्या खणावर टांगायचं, हे रमाकांतरावांनीच त्यांना बावीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं. का, असं बापूंनी तेव्हाही विचारलं नव्हतं आणि आताही विचारलं नाही. पाच, सहा आणि सात या रॅकांत बरेच खण रिकामे होते. तिथे सगळी जोडक्रियापदं वर्णानुक्रमाने टांगली गेली.

मोजणीला अहमदाबादहून ऑडिटर आले तेव्हा रमाकांतराव मॅनेजरांच्या केबिनमध्ये होते. ते परत आले तो ऑडिटर पाचव्या रॅकपाशी उभे राहून आपल्या तक्त्यात काहीतरी लिहीत होते. खण चौथा. मालाचं नाव, कॉल ऑफ. प्रकार, ट्रान्झिटिव्ह. वॉशर मध्ये किंवा शेवटी. प्रत्यक्ष माल, नाही. ऑडिटरांनी बापूंना विचारलं होतं, की लुक आफ्टर नावाचा माल कुठे आहे, आणि बापूंनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, की ते सगळं साहेब स्वतःच बघतात. संध्याकाळपर्यंत स्टोअरमधून दोनशे बारा प्रकारचा माल गायब असल्याची नोंद झाली. सातव्या रॅकवरची टी या अक्षरापासून पुढची सगळी कार्डं ऑडिटरांनी पुराव्यादाखल बॅगेत घालून नेली.

रमाकांतरावांना लेखी खुलासा मागितला गेला. त्यांनी तो गोविंदरावांच्या थाटात तीन पानी इंग्रजीत लिहिला. मॅनेजर तिशीतला होता. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं आणि विचारलं, "रमाकांतभाई, टूंकमां शुं थयुं?" रमाकांतरावांनी थोडक्यात गुजरातीत सांगितलं. मॅनेजर हसला, मग उठून केबिनबाहेर जाऊन हसला. प्रकरण मिटलं, बायकोला पोचवायला एक दिवसाची रजासुद्धा मिळाली. पण छत्तीस वर्षांत ज्यांच्या स्टोअरमधला एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नव्हता त्यांच्याकडे पाहून पॅकिंगमधली माणसंही तोंड फिरवून हसत होती. ते त्यांना फार लागलं. घरी त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नाही.

विमानाला आठ दिवस राहिले तेव्हा त्यांनी रंगीत तालीम ठेवली. तालमीचा एक भाग आधीच चोख झाला होता. देशाबाहेर जाताना जो फॉर्म भरावा लागतो त्याचा एक कोरा नमुना रसीलाबेनकडे मागच्या खेपेचा होता. त्याच्या तीस झेरॉक्स काढून निरुपमाबाईंनी फिल इनचा सराव म्हणून तीसच्या तीस भरल्या होत्या. आता प्रत्यक्ष संवाद. शिवणयंत्रामागे रमाकांतराव अधिकारी म्हणून बसले. निरुपमाबाई रसीलाबेननी आग्रहाने दिलेला न्यू जर्सीचा लोकरी कोट घालून उभ्या राहिल्या. कॅनडात बारा महिने थंडी असते, कोट अंगाला सवयीचा व्हायला हवा, असं रसीलाबेनचं मत होतं. बाहेर बडोद्याचा मे महिना होता आणि वीज गेली होती.

"टेक ऑफ युवर कोट," अधिकारी म्हणाले.

निरुपमाबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, "ट्रान्झिटिव्ह. वॉशर, कोट. टेक युवर कोट ऑफ असंही चालेल."

"शाबास," रमाकांतराव म्हणाले, आणि वाट पाहू लागले. निरुपमाबाईही वाट पाहू लागल्या. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून हनुवटीपर्यंत आला.

"अगं, मग काढ की तो."

निरुपमाबाईंनी कोट काढला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि त्या खाली बसल्या.  मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "मला ओळखता येतं हो, पण कळत नाही. समोरचा बोलला की मी बोल्ट शोधते, मग नट शोधते, तोवर तो पुढे गेलेला असतो. नयनाला कळवा. मी नाही जात."

नयनाला कळवणं म्हणजे काय, हे रमाकांतरावांना चांगलं ठाऊक होतं. परक्या गावात, परक्या दवाखान्यात, पहिलटकरीण मुलगी आईवाचून. त्यांनी बोल्ट गोळा केले, जुन्या मोज्यात भरले आणि मोजा कपाटाच्या वर टाकला. दुपारी ते जेवले नाहीत. आजोबांची आठवण काढून त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच आजोबांचा राग आला. चार वाजता ते टेबलाशी बसले आणि त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

पहिला मसुदा गोविंदरावांच्या वळणाचा झाला. त्यात विनंती करायलाच दोन परिच्छेद लागले आणि मुद्दा कागदाच्या पाठीवर गेला. तो फाडला. दुसरा इतका लाचार झाला की वाचून त्यांचे कान लाल झाले. तोही फाडला. पाचव्या खेपेला साधा कागद उतरला. सदर पत्रवाहक ही माझी पत्नी आहे. ती मुलीच्या बाळंतपणासाठी चालली आहे. तिला दोन-तीन भाषा चांगल्या येतात, तुमची थोडी येते. ती हुशार आहे, पण प्रथमच एकटी निघाली आहे. कृपया तिच्याशी सावकाश बोलावं. सावकाश बोललात तर तिला सगळं कळतं. खाली पूर्ण सही, पत्ता, फोन नंबर.

कागदात निरुपमाबाईंचं नाव मात्र कुठेच नव्हतं. ते रमाकांतरावांच्या लक्षातही आलं नाही. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, त्यांनी बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती, सगळं 'अगं'वर भागत आलं होतं. हुजूर कचेरीच्या रिवाजातही पत्र घेऊन येणारा तो पत्रवाहक, त्याचं नाव विचारायची पद्धत नसे. कागद वाचून निरुपमाबाईंनी तो परत एकदा वाचला. "बरं लिहिलंय," एवढंच म्हणून घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बॅग भरायला घेतली.

अहमदाबादच्या विमानतळाच्या दारात रमाकांतरावांना पुष्कळ काही सांगायचं होतं. "सांभाळून" एवढंच बाहेर पडलं. निरुपमाबाई म्हणाल्या, की गॅसचं सिलिंडर नोंदवा, आणि तूरडाळीच्या डब्यात अजून एक वॉशर आहे, निवडून शिजवा. मग कोट हातावर टाकून त्या आत गेल्या आणि रमाकांतरावांनी काचेला नाक लावलं.

आत त्यांनी सामान दिलं. काउंटरवरची मुलगी काहीतरी बोलली, निरुपमाबाई काहीतरी बोलल्या. तिथून पुढे गेल्या तर तीन-चार वयस्क बायका हातात फॉर्म धरून उभ्या होत्या, बहुतेकींच्या पदराला कागद लावलेला, कोणाला विचारावं ते न कळून भांबावलेल्या. त्यातली एक तर रडत होती. निरुपमाबाई थांबल्या. बाकावर बसल्या, पर्समधून पेन काढलं, आणि पहिल्या बाईचा फॉर्म मांडीवर घेऊन भरू लागल्या. मग दुसरीचा, मग तिसरीचा. कुठेही अडखळणं नाही, वर बघणं नाही. थोड्या वेळाने त्यांच्या बाकापुढे रांग लागली, तीत एक सुटाबुटातला गृहस्थही होता. रमाकांतरावांनी शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं, "ती माझी बायको." मग ट्रॉल्यांची एक लांब ओळ आडवी आली, आणि ती सरकली तेव्हा बाक रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दूध तापत असताना फोन वाजला. मधल्या विमानतळावरून कोणी बाई अतिशय भराभर इंग्रजी बोलत होती. पहिल्याच वाक्यात युवर वाइफ असं स्पष्ट ऐकू आलं आणि त्यानंतर रमाकांतरावांना धड काही ऐकू येईना. त्यांनी अकरा वेळा यस म्हटलं. शी स्पीक्स गुजराती का, असं विचारल्यासारखं वाटलं, त्यालाही यस म्हटलं. फोन बंद झाला तेव्हा हातातल्या पेन्सिलीने वर्तमानपत्रावर चार तुकडे लिहिलेले होते: टर्न्ड अप, हेल्ड अप, सॉर्ट आउट, पुट हर ऑन. दूध ओतू गेलं होतं.

त्यांनी रॅकांवरून उतरवून आणलेल्या कार्डांचा गठ्ठा काढला. टर्न अप सापडेना, कारण टीपासून पुढची कार्डं अहमदाबादला पुराव्यात होती. होल्ड अप सापडलं. ट्रान्झिटिव्ह, अर्थ दोन. अडकवून ठेवणे, आणि शस्त्राचा धाक दाखवून लुटणे. आणि इथे, महिनाभर जो प्रश्न त्यांनी नुसताच शिकवला होता, तो पहिल्यांदा खरोखर उभा राहिला. वाइफ हा वॉशर आहे की नाही? बायकोने कोणाला अडवलं आहे, की बायकोला कोणी अडवलं आहे? की तिला कोणी लुटलं? त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मागच्या बाजूला ग्रीस निपलची जुनी शिल्लक होती.

रसीलाबेन खाली आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन आला म्हणजे माणूस जिवंत आहे, असा निर्वाळा देऊन ढोकळा ठेवून गेल्या. दत्ताजीरावांनी फोनवर सांगितलं, की टर्न अप असं क्रियापद असूच शकत नाही. नयनाला विचारायची सोय नव्हती, नवव्या महिन्यात तिला कसं सांगायचं. रमाकांतराव कामावर गेले नाहीत. दिवसभर फोनजवळच्या स्टुलावर बसून राहिले. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा शरम जास्त वाटत होती. एवढ्या लांबच्या वाटेला निघालेल्या बाईला त्यांनी महिनाभर हातात काय दिलं, तर नट आणि बोल्ट. देवापुढे दिवा लावायची वेळ झाली तरी त्यांना उठवेना.

तेवढ्यात फोन वाजला. "अहो, पोचले," निरुपमाबाई म्हणाल्या. मागून नयनाचं हसू ऐकू येत होतं.

रमाकांतरावांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग त्यांनी विचारलं, की तुला मध्ये अडकवून ठेवलं होतं ना. निरुपमाबाई म्हणाल्या, की मला कोण कशाला अडकवेल. मग त्यांनी सावकाश सांगितलं. अहमदाबादला एक बाई रडत होत्या, पेटलादच्या, मुलाकडे शिकागोला चाललेल्या. त्यांचा कागद चुकून मोठ्या बॅगेत गेला होता आणि बॅग विमानात गेली होती. "त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. माझ्याजवळ होता, म्हणून मी माझा दिला."

"आणि तू काय केलंस?"

"मी म्हटलं, स्लोली प्लीज. मग बोलले ते सावकाश. सावकाश बोलल्यावर सगळं कळतं हो."

हे वाक्य आपण कुठेतरी वाचलं आहे, असं रमाकांतरावांना वाटलं. मग ते आपणच लिहिलं आहे हे आठवलं, आणि त्यापाठोपाठ कागदावरचा बाकीचा मजकूरही आठवला. सकाळचा फोन कोणत्या पत्नीबद्दल होता, ते आता कळलं. "अगं, पण त्यावर सदर पत्रवाहक ही माझी पत्नी असं लिहिलं होतं. खाली माझी सही, फोन नंबर. तेवढं तरी खोडायचंस."

"पेन काढलं होतं मी खोडायला," निरुपमाबाई म्हणाल्या.  "पण एवढं छान लिहिलेलं, खोडवेना."

त्यांनी फोन ठेवल्यावर रमाकांतराव उठले, त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि तूरडाळ निवडायला घेतली. वॉशर सापडला तेव्हाच पुन्हा फोन वाजला. या खेपेला आवाज पुरुषाचा होता, दूरचा, शिकागोचा, आणि भयंकर भराभर. मिस्टर पारसनीस, अबाउट युवर वाइफ, एवढं कळलं. क्षणभर त्यांच्या मनात आलं की राँग नंबर म्हणावं. पण कागदावर सही होती, आणि पारसनीस आपल्या सहीचा मसुदा कधी नाकारत नाहीत. त्यांनी वॉशर मुठीत धरला आणि घसा साफ केला.

"यस, स्पीकिंग," ते म्हणाले. "स्लोली, प्लीज."